हरिहर गडाच्या पायऱ्यांपाशी उभ्या असणाऱ्यांचे आभार

गडाच्या पायथ्याच्या निरगुडपाडा आणि हर्षेवाडीच्या मंडळींनो, नाशिकच्या आम्हा भटक्यांकडून मनापासून आभार.

हरिहरच्या त्या कातळकोरीव उभ्या पायऱ्यांवर चढणारे-उतरणारे समोरासमोर आले की कोंडी होते, आणि एकाचा पाय सटकला तर खालचे सगळेच धोक्यात. तुम्ही खाली थांबून आधी उतरणाऱ्यांना वाट मोकळी करून देता. घाबरलेल्याला कातळाकडे तोंड करायला सांगता, दोन्ही हात खोबण्यांत, मग एकेक पायरी. पाठमोरं, सावकाश.

शिवाय उन्हाळ्यातलं लिंबू सरबत! त्यात मीठ आठवणीने घालता, हे फार मोलाचं; घामावाटे मीठही जातं, नुसतं पाणी पुरत नाही. (माणशी ३ लिटर पाणी तरीही घरूनच न्यावं.)

नावं विचारली तर तुम्ही नुसतं हसता.