काकूंच्या समईचा हंस

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२३ नोव्हेंबर

प्रिय विजू,

काकूंच्या समईवरचा हंस झाला. काल संध्याकाळी उद्यमनगरातल्या ओतशाळेतून घेऊन आलो, आणि रात्री जेवण झाल्यावर तुझ्याकडच्या जुन्या हंसाशेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो.

फोनवर तू म्हणाला होतास, जोडीतला दुसरा हंस आहेच, तोच वाळूत दाबून ओत. तसं का केलं नाही ते सांगतो. पितळ गार होताना साधारण दीड टक्का आकसतं. ८० मिलिमीटरचा हंस दाबला असता तर नवा १.२ मिलिमीटरनं खुजा निघाला असता, वर कानस मारण्यात आणखी गेलं असतं. जोडीत ते दिसतं रे. म्हणून आम्ही पॅटर्नवाले, म्हणजे वाळूत दाबायचा लाकडी नमुना कोरणारे, मापाची पट्टीच वेगळी वापरतो, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर तेवढ्यानं मोठा असतो.

लाकूड शिसवी घेतलं. सागाचे रेषे मोठे, बारीक पिसाची कड धरत नाहीत. पहिला पॅटर्न अखंड कोरला आणि तिथंच चुकलो. मान पुढं वाकून छातीवर येते ना, त्या खोबणीत वाळू अडकली आणि पॅटर्न उचलताना साचा फुटला. आठ दिवसांचं काम गेलं. मग चोचीपासून शेपटीपर्यंत उभे दोन भाग केले, मध्ये खुंट्या बसवल्या. आता एक अर्धा वाळूच्या खालच्या पेटीतून निघतो, दुसरा वरच्या. पिसाची प्रत्येक चर तोंडाशी रुंद, तळाशी अरुंद ठेवली. पाठीच्या रेघा मात्र कोरल्याच नाहीत, कारण सांध्याजवळ तिथं वाळू धरली असती. त्या ओतल्यावर पितळेवर छिन्नीनं घेतल्या. मला शिकवणारे मिस्त्री डोळे मिटून पॅटर्नवरून अंगठा फिरवायला लावायचे, ज्या दिशेनं तो वाळूतून निघणार त्याच दिशेनं. अंगठा अडला तर वाळूही अडणार. अजूनही तसंच करतो.

पण खरा वेळ गेला तो दुसऱ्याच गोष्टीत. जुन्या हंसाची उजवी बाजू झिजून गुळगुळीत झालीय. काकू समई उचलताना तिथंच धरत असणार, वर्षानुवर्षं चिंच लावून घासतही असणार. आता कोरायचं काय, ती झीज की मूळची पिसं? दोन दिवस पटाशी हातात घेतली नाही. शेवटी पंखाखाली, जिथं बोट पोचत नाही, भिंग लावून बघितलं. तिथं करणाऱ्याच्या हातची पिसं जशीच्या तशी आहेत, प्रत्येकाच्या मधोमध एक शीर. तीच दोन्ही अंगांना कोरली. झीज काकूंच्या हाताची आहे, ती मी पटाशीनं कशी करू?

आटे पाडायचे राहिलेत. त्याला समईचा दांडा लागेल, तेव्हा येताना तो घेऊन ये. पार्सलनं पाठवू नकोस, वाकला तर सरळ करताना तडकेल.

आणि काकूंना विचार, नवा हंस चकचकीत करू की तसाच मळकट पिवळा राहू दे? त्यांचा निरोप येईपर्यंत पॉलिशला हात लावत नाही. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
दिनू