शाळेतील समुपदेशन कक्षासाठी साहाय्याचे आवाहन

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातील आमच्या माध्यमिक शाळेची बाके विरळ होतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात. काही मुले त्यांच्यासोबत उसाच्या फडावर जातात, तर काही आजी-आजोबांकडे मागे राहतात. हंगामी वसतिगृहात जेवणाची सोय होते; पण आई-वडील सहा महिने दूर असताना किंवा स्वतःच्या लग्नाची बोलणी कानावर आल्यावर मुलीने मन कोणापाशी मोकळे करावे, याची सोय कोठेच नाही.

याच वर्गांत दिव्यांग मुलेही शिकतात. आठवीतला एक मुलगा चिडवाचिडवीला कंटाळून कानाचे मशीन शाळेच्या फाटकापाशीच खिशात घालतो आणि दिवसभर नुसता फळ्याकडे पाहत बसतो. वाचताना ओळ सुटणाऱ्या मुलीला आम्ही मोठ्यांनीच वर्षभर आळशी ठरवले, हेही कबूल केले पाहिजे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील 21 प्रकारांमध्ये अध्ययन अक्षमता (वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण) येते आणि प्रमाणपत्र असल्यास दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. पण त्यासाठी तिची तपासणी करून घ्यावी, हे वेळेवर कोणाला तरी सुचावे लागते.

म्हणून पालक-शिक्षक संघाने आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे ठरवले आहे. दिव्यांग आणि इतर मुलांसाठी कक्ष एकच राहील, कारण वेगळी खोली केली की तिच्या दारात जाणाऱ्यावर शिक्का बसतो. मुलाचे बोलणे गुप्त ठेवले जाईल. मात्र लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे आणि बालविवाहाची शंका आल्यास ग्रामसेवकांना किंवा 1098 या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे लागेल, हे मुलांना पहिल्याच भेटीत सांगितले जाईल.

सध्या अशी बोलणी प्रयोगशाळेच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत होतात. जुनी सामानाची खोली आम्ही रिकामी केली आहे. तिच्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार बांधायचा आहे. समुपदेशकाचे मानधन आणि तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात जाण्या-येण्याचा खर्च, यांसाठी निधी हवा आहे. सांकेतिक भाषा जाणणाऱ्यांनी महिन्यातून एक दिवस दिला तरी मोठे काम होईल.

देणगीची पावती शाळेच्या कार्यालयात मिळेल आणि हिशेब पालकसभेत वाचून दाखवला जाईल. मुलांची छायाचित्रे किंवा नावे देणगीदारांना दिली जाणार नाहीत. ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी मुलांची समुपदेशकांशी ओळख व्हावी, यासाठी आपले साहाय्य दिवाळीच्या सुट्टीआधी पोहोचावे, ही विनंती.