ॲसिड अक्षराला खात नाही

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येता कामा नये, असे आपण मला बजावले आहे. म्हणून सांगलीच्या गणपती पेठेमागच्या बोळातील छपाईसाठी धातूचे ठसे बनवणारे एक निवृत्त ब्लॉकमेकर, एवढीच आपली ओळख या पत्रात ठेवते. पत्र मात्र सर्वांसमोर लिहिते आहे. इंग्रज कवी विल्यम ब्लेकच्या ‘स्वर्ग आणि नरक यांचा विवाह’ या काव्याचा अर्थ उलगडून सांगणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते टाळले आणि आपण ते करून दाखवले, हे इतरांनाही कळायला हवे.

हे पुस्तक ब्लेकने १७९० च्या सुमारास लिहायला घेतले. त्यात सैतान बोलतो, देवदूत निरुत्तर होतात आणि नरकातल्या म्हणी शहाणपणाच्या म्हणून मांडल्या जातात. प्रबंधासाठी हा विषय घेऊन मी ज्या जाणत्यांकडे गेले, त्यांपैकी एकांनी ‘लहानपणी त्याला झाडावर देवदूत दिसत असत, माणूस भ्रमिष्ट होता’ असे म्हणून बोलणे संपवले. दुसऱ्यांनी आराखड्यात ‘तुरुंग कायद्याच्या दगडांनी बांधले जातात आणि वेश्यागृहे धर्माच्या विटांनी’ ही म्हण वाचली आणि ती गाळल्याशिवाय सही मिळणार नाही, असे स्पष्ट सांगितले. तिसऱ्यांनी तर पानही न उलटता ‘यात नवीन काय, हे सगळे आपल्या संतांनी सांगून ठेवले आहे’ असे म्हणत वही परत केली. हे तिसरे उत्तर मला सर्वांत जास्त लागले, कारण त्यात ब्लेकचा तर अपमान होताच, पण संतांनाही वाचण्याच्या कष्टातून सुटका करून घेतलेली होती.

आपल्याकडे मी आले ती केवळ छपाईची एक शंका घेऊन. ब्लेकने या पुस्तकात म्हटले आहे की, तो नरकाच्या पद्धतीने, झिजवणाऱ्या द्रव्यांनी छापणार आहे. ही द्रव्ये नरकात आरोग्यदायी आणि औषधी असतात, ती वरवरचे पापुद्रे वितळवून टाकतात आणि आत दडलेले अनंत उघडे करतात. ज्या टीका मी वाचल्या होत्या, त्यांत ही ओळ रूपक म्हणून उरकली होती. आपण ती दोनदा वाचून दाखवायला लावलीत आणि विचारलेत, ‘हा माणूस धंद्याने कोण होता?’ ताम्रपटावर कोरीव काम करणारा, चौदाव्या वर्षी, म्हणजे १७७२ साली, लंडनमध्ये एका कारागिराकडे सात वर्षांच्या बोलीवर शिकाऊ म्हणून राहिलेला, असे मी सांगितले. ‘सात वर्षं? मग तो थापा मारत नाही,’ असे आपण म्हणालात आणि उठलात.

त्यानंतर आपण जे केलेत, त्यासाठीच हे पत्र आहे. २०१९ च्या महापुरात आपली पायाने चालवायची छपाईची ट्रेडल मशीन पाण्याखाली गेली, पण जुन्या ब्लॉकचे कपाट माडीवर असल्यामुळे वाचले. त्या कपाटातून आपण एका लग्नपत्रिकेचा जस्ताचा ब्लॉक काढलात, धोतराच्या सोग्याने पुसलात आणि माझा अंगठा धरून त्यावरून सावकाश फिरवलात. उलटी अक्षरे बोटाला उभी लागत होती आणि त्यांच्या भोवतीचा पत्रा खोल, खरखरीत झालेला होता. ‘हे बघा ताई, ॲसिड अक्षराला खात नाही. अक्षरावर लेप असतो. ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही, तेवढंच ते खातं,’ असे आपण म्हणालात.

ब्लेकही तेच करत होता. ॲसिडला दाद न देणाऱ्या लेपाने तांब्यावर उलट्या अक्षरांत लिहायचे, मग पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा आणि उठून राहिलेल्या अक्षरांवर शाई लावून छापायचे. त्याची पत्नी कॅथरीन त्याला छपाईत आणि रंग भरण्यात मदत करत असे. त्या स्पर्शानंतर मला पुस्तकातला नरक ही शिक्षेची जागा वाटेनाशी झाली. तो कारखाना आहे, आणि सैतानाच्या तोंडची जहाल वाक्ये हे त्यातले ॲसिड आहे. धर्माच्या नावाने जे साचले आहे, ते त्यांनी झडावे आणि मूळ अक्षर वर राहावे, यासाठी ती लिहिलेली आहेत. ब्लेक त्याच पुस्तकात सांगतो की, प्राचीन कवींनी नद्या, डोंगर, झाडे यांत दैवते पाहिली, पुढे काहींनी त्या कवितांमधून उपासनेचे विधी वेचून काढले आणि पौरोहित्य सुरू झाले. सर्व देवता माणसाच्या हृदयातच वसतात, हे त्यामुळे लोक विसरले. जो हे लिहितो, त्याला देव नको आहे असे म्हणणाऱ्यांनी पुस्तक अर्ध्यावरच मिटलेले असते.

सही अडवणाऱ्या त्या म्हणीचा अर्थही आपणच लावलात. वेश्यागृहाची तो भलामण करत नाही, तर एका बाईला उंबऱ्याबाहेर काढणारा नियम आणि तिच्या डोक्यावरचे ते छप्पर एकाच हाताने बांधलेले आहे, असे तो दाखवतो, हे आपण अगदी साध्या शब्दांत सांगितलेत. ब्लेकची १७९४ सालची एक छोटी कविता मी नंतर वाचून दाखवली. लहानपणी जिथे खेळलो त्या हिरवळीवर आता प्रार्थनामंदिर उभे आहे, त्याचे दार बंद आहे आणि त्यावर ‘करू नकोस’ असे लिहिलेले आहे, असे तिच्यात येते. तेव्हा आपण बराच वेळ काही बोलला नाहीत. मग चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का आहे आणि ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपवास का करावा लागला, हे आपल्या वडिलांकडून ऐकले होते तसे सांगितलेत. यात ‘आपल्याकडे आधीच होते’ असा तोरा नव्हता. तिकडच्या बंद दारापुढे उभे राहून आपल्याला इकडचे बंद दार आठवले होते.

आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे, वारी आपण कधी चुकवलेली नाही. या कवितेवर रागावण्याचा अधिकार कोणाला असेल, तर तो आपल्याला होता. ‘अतिरेकाची वाट शहाणपणाच्या राजवाड्याकडे जाते’ ही म्हण आपल्याला अजिबात पटली नाही आणि आपण ते तोंडावर सांगितलेत. दारूत बुडालेले किती संसार पाहिले, ते कुठल्या राजवाड्यात पोचले, असे विचारलेत. पण ती ओळ खोडा, असे म्हणाला नाहीत. याच पुस्तकात बायबलमधला यशया संदेष्टा कवीबरोबर जेवताना म्हणतो की, प्रामाणिक संतापाचा आवाज हाच देवाचा आवाज आहे अशी आपली खात्री पटली. न पटणारे वाक्यही शेवटपर्यंत ऐकून घेणारा श्रद्धावान माणूस मी आपल्या रूपाने पाहिला. अशी माणसे गावोगावी बोळाबोळांत बसलेली असतात, त्यांना कोणी व्याख्यानाला बोलावत नाही, आणि तरी समाजाचे वाचन त्यांच्यावरच टिकून असते, असे मला मनापासून वाटते.

प्रबंध आता दुसऱ्या मार्गदर्शकांकडे आहे आणि ती म्हण त्यात जशीच्या तशी आहे. अतिरेकाच्या म्हणीवरचा आपला आक्षेप मी तळटिपेत ढकललेला नाही, तो मुख्य मजकुरात घेतला आहे आणि त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. उत्तराची सहा पाने या पत्रासोबत पाठवत आहे. ती आपल्याला पटतील असे नाही. जिथे पटणार नाहीत, तिथे समासात तांबड्या पेन्सिलीने खूण करावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
विश्रामबागहून येणारी विद्यार्थिनी