उलट्या पाण्याकडे दुर्लक्ष

महोदय,
पावसाळ्यापूर्वी सोसायट्या टाक्या धुऊन घेतात, पण नळजोडणीवरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी, उलटे येऊ न देणारी झडप) कोणी उघडून पाहत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येते. ते गेले, किंवा शेजारी कोणी थेट नळाला मोटर लावली (सर्रास लावतात!), की वाहिनीत ओढ निर्माण होते आणि बादलीत बुडालेल्या पाइपातले घाण पाणीही उलटे शिरते. झडपेत क्षार वा कचरा अडकला, तर व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. १९३३ मध्ये शिकागोतील हॉटेलांत सदोष नळजोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळून आमांशाची साथ पसरली होती. अमेरिकेत आज अनेक ठिकाणी उलटे पाणी रोखणाऱ्या साधनांची दरवर्षी चाचणी सक्तीची आहे. आपण निदान टाकीसफाईच्या दिवशी प्लंबरकडून व्हॉल्व्ह तपासून घ्यावा. रंगकामावर लाखो खर्चणाऱ्या सोसायट्यांना हे जड नाही.

– एक सोसायटी सभासद, ठाणे