प्लेअर घ्यायच्या आधी सीड्या बघ

प्रिय बंड्या,

तुझा "कुठला डीव्हीडी प्लेअर घेऊ" असा मेसेज आला तेव्हा कामात होतो म्हणून नुसतं "सांगतो नंतर" टाकलं, मग म्हटलं फोन करावा, पण तू मला अर्ध्यात तोडणार आणि "ते सगळं राहू दे, एक नाव सांग" म्हणणार हे माहितीये, म्हणून सरळ लिहायलाच बसलोय. आणि नाव एक सांगणार नाहीच्चे.

म्हणजे तुला हवंय काय, तर ती सीड्या-डीव्हीड्यांची दोन जाडजूड पाऊचं आहेत ती टीव्हीवर बघायची, कॉम्प्युटर न जोडता, आणि खर्च कमीत कमी. मग आधी त्या डिस्कवर नक्की काय आहे ते बघ. "पिक्चर आहेत" हे उत्तर नाही रे. व्हिडिओ चेपून साठवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. विकतची डीव्हीडी असते ती एमपेग-२ पद्धतीची, ती कुठलाही प्लेअर लावतो, तिचा प्रश्नच नाही. आपण त्या काळी रात्र रात्र जागून जे एका सीडीत कोंबायचो ते एमपेग-४, म्हणजे जास्त चेपणारी पद्धत. हिशोब कर, ७०० एमबीच्या सीडीत १०० मिनिटांचा पिक्चर म्हणजे आवाज धरून सेकंदाला साधारण ९८० किलोबिट, आणि डीव्हीडीला नुसत्या चित्राला ९,८०० किलोबिटपर्यंत मुभा असते. दहापट! एवढं चेपून बसवलेलं उलगडायचं तर प्लेअरच्या चिपला ते यावं लागतं, आणि साध्या प्लेअरच्या चिपला ते शिकवलेलंच नसतं.

आता तू म्हणशील डब्यावर डिव्हएक्सचा (एमपेग-४ चाच एक प्रकार) लोगो असला की झालं. मी पण असंच म्हणालो होतो. चांगले चार-पाच लोगो असलेला डबा घेऊन आलो, घरी सगळ्यांना बसवलं, आणि आपल्या कॉलेजच्या नाटकाचं शूटिंग लावलं. आठवतंय ना, तो कॅमेरा स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो ते? कॅमेरा हलला की चित्राचे नुसते चौकोन चौकोन, तू तर अर्धा भिंतीत अर्धा बाहेर. मी प्लेअरला शिव्या घातल्या, बदलून आणला, दुसऱ्याने तर सरळ फॉरमॅट चालत नाही म्हणून हात वर केले. चूक कोणाची होती सांगू? माझीच. फाइल बनवताना क्वार्टर पिक्सेल (यालाच क्यूपेल म्हणतात, हालचाल पाव पिक्सेलपर्यंत बारीक मोजायची) आणि जीएमसी या दोन्ही चौकटींवर मी टिक केलं होतं, कारण कोणीतरी सांगितलं क्वालिटी भारी येते. येते थोडी, कॉम्प्युटरवर. स्वस्त प्लेअरच्या चिपा नेमक्या याच दोन गोष्टींना अडखळतात, जीएमसी म्हणजे कॅमेरा फिरला की सगळी फ्रेम एकत्र सरकली असं धरून जागा वाचवायची युक्ती, म्हणून बरोब्बर कॅमेरा फिरतानाच बोंब.

आणि तुझ्याकडे तर त्याहून जुन्या फाइली पण असणार. डिव्हएक्स ३.११ वाल्या आठवतात का? ते मुळात मायक्रोसॉफ्टचं कोडेक (व्हिडिओ चेपणारा-उलगडणारा प्रोग्राम) फोडून केलेलं होतं, नावात डोळा मारणारी स्मायली वगैरे. ते नीट स्टँडर्ड एमपेग-४ नव्हतंच, त्यामुळे बरेच प्लेअर पुढच्या डिव्हएक्स ४-५ च्या फाइली मजेत लावतात आणि ३.११ पुढे आली की तोंड फिरवतात. २००१ च्या आसपास डिव्हएक्सच्या कंपनीने स्वतःचं नवीन लिहिलं आणि त्यातूनच फुटून काही जणांनी एक्सव्हिड (Xvid) काढलं, स्पेलिंग उलटं वाच म्हणजे DivX ला मारलेला टोमणा कळेल. एक्सव्हिडवाली फाइल साध्या सेटिंगची असेल तर चालते, अगदीच अडली तर कधी कधी फाइलच्या आतलं चार अक्षरी नाव (फोरसीसी म्हणतात त्याला) बदलून डिव्हएक्सचं टाकलं की तोच प्लेअर गुमान लावतो. हसू नको, खरंच.

तर तू काय कर, मीडियाइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे तो कॉम्प्युटरवर टाक आणि पंधरा-वीस फाइली त्यात उघडून बघ. क्यूपेल, जीएमसी, पॅक्ड बिटस्ट्रीम (फ्रेमा एकात एक कोंबून ठेवायची पद्धत) हे शब्द आणि आवाज कशात आहे एवढंच बघायचं. आवाज एमपी३ किंवा एसी३ (डॉल्बी) असेल तर बरं, ऑग नावाच्या फॉरमॅटमध्ये असेल तर चित्र दिसेल आणि घर शांत राहील. पॅक्ड बिटस्ट्रीमवाल्या फाइली एफएफएमपेग नावाच्या फुकट प्रोग्रामने क्वालिटी न घालवता चटकन सरळ करता येतात, पण क्यूपेल आणि जीएमसीवाल्या परत एन्कोड कराव्याच (पहिल्यापासून नव्याने चेपून बनवाव्याच) लागतात, त्याला वेळ जातो. तशा दहा-बाराच निघाल्या तर त्या परत एन्कोड कर आणि स्वस्तातला प्लेअर घे, दहा फाइलींसाठी महागडा प्लेअर घेण्यात काही अर्थ नाही.

आता दुकानात. ब्रँडवर जाऊ नको, कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या डब्यात आत मीडियाटेकचीच चिप निघायची, दोन प्लेअर लावून बघ, फाइलींच्या यादीचा स्क्रीन सेम टू सेम दिसला तर आतलं पण बहुतेक सेमच, मग कमी किमतीचा उचल. फक्त स्वतःच्या डिस्क घेऊन जा, आणि चांगल्या नाही, सगळ्यात वाईट. एक ३.११ वाली, एक सबटायटलवाली, एक ओरखडे पडलेली सीडी-आर, आणि एक डीव्हीडी जिच्यात सहा फाइली टाकल्यायत. दुकानदार त्याची डेमो डिस्क लावेल, ती बघूच नको, ती चालणारच ना. तुझी लावून पहिली दोन मिनिटं बघून खूश होऊ नको, शेवटच्या अर्ध्या तासावर उडी मार आणि तिथे ओठ आणि आवाज जुळतात का बघ, व्हेरिएबल बिटरेटवाला (सेकंदाला कमी-जास्त डेटा वापरणारा) एमपी३ असला की काही प्लेअरवर सुरुवातीला ठीक असतं आणि हळूहळू आवाज मागे पडत जातो. मग बंद करून परत चालू कर, तिथूनच सुरू करतो का की पहिल्यापासून, रोजच्या वापरात हे फार महत्त्वाचं आहे आणि कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. सबटायटलची एसआरटी फाइल पिक्चरच्याच नावाची हवी. देवनागरी सबटायटलची आशा सोड, बहुतेक जुन्या प्लेअरवर नुसते चौकोन आणि कचरा दिसतो.

यूएसबी मात्र हवंच, याच्यावर तडजोड नाही. कारण त्या सीड्या आता मरायला टेकल्यात, आपण स्वस्तातल्या घ्यायचो आणि वर ५२ च्या स्पीडने राइट करायचो. ज्या वाचल्या जातायत त्या आताच पेनड्राइव्हवर उतरव. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, एनटीएफएस बरेच प्लेअर ओळखत नाहीत, आणि फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही पण तुझ्या फाइली तेवढ्या नाहीतच. पोर्ट जुना, यूएसबी १.१ चा निघाला तरी एव्हीआय, म्हणजे तुझ्या या जुन्या फाइली, चालतात, त्यांना लागतंच किती, सेकंदाला एक-दीड मेगाबिट.

अपस्केलिंगसाठी (छोटं चित्र मोठ्या टीव्हीसाठी फुगवायची सोय) जास्त पैसे देऊ नको, ७०० एमबीची फाइल ती, फुगवून काय चमकणार. एचडीएमआय घे कारण नवीन टीव्हीला पिवळी-लाल-पांढरी पिन नसते कधी कधी. रीजन कोड (डिस्क कुठल्या देशात चालेल त्याचं कुलूप) वगैरे विसर, ते विकतच्या डीव्हीडीला असतं, आपल्या डेटा डिस्कला नाही.

राहिल्या तुझ्या नवीन एमकेव्ही फाइली. त्या एच.२६४ (एमपेग-४ नंतरची आणखी चेपणारी पद्धत) असतील तर साधा डीव्हीडी प्लेअर हात लावणार नाही, स्वस्तातला किंवा जुना ब्लू-रे प्लेअर बघावा लागेल, पण सगळेच ब्लू-रेवाले एव्हीआय वाचतात असं नाही, काहींनी नंतर ते काढून टाकलं, तेव्हा तिथे पण आधी डिस्क लावून बघ. त्याहून नवीन एच.२६५ असेल तर स्वस्तातल्या डिस्क प्लेअरचा नादच सोड.

मीडियाइन्फोचं जे काय निघेल ते मला पाठव, मी बघून सांगतो कुठल्या परत एन्कोड करायच्या. आणि त्या नाटकाच्या शूटिंगची मूळ डीव्हीडी, एमपेग-२ वाली, ती तुझ्याच पाऊचमध्ये आहे, मला पक्कं आठवतंय तू नेलेलीस. ती आधी कॉपी कर. माझ्याकडे फक्त ते चौकोन उरलेत.

तुझा,
पक्या