स्टेशनवरच्या कॉफीवाल्या ताईंना

प्रिय ताई,

गाडीच्या घाईत तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं जाहीरपणे लिहिते आहे.

मला सीलिॲक हा आतड्याचा आजार आहे, गहू-बार्लीचा अंशही चालत नाही, असं सांगितलं की बहुतेक काउंटरवर एकच उत्तर मिळतं, "कॉफीत कुठे गहू असतो?" खरंच नसतो. मला बाधणारं गहू-बार्लीतलं प्रथिन, म्हणजे ग्लुटेन, कॉफीच्या बियांत नसतंच. घात होतो तो आजूबाजूच्या गोष्टींनी. काही सिरपांत, चॉकलेट पावडरींत बार्लीचं माल्ट असतं. ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळू शकतो. आणि ओट मिल्क ज्या वाफेच्या नळीने फेसाळवलं, तीच नळी माझ्या साध्या दुधात बुडाली की संपलं. वाफेने ग्लुटेन नष्ट होत नाही, हे पटवून देता देता माझा जीव मेटाकुटीला येतो.

तुम्हाला पटवावं लागलंच नाही. "आवड म्हणून टाळता की आजार आहे?" एवढं तुम्ही विचारलंत. मग व्हॅनिला सिरपची बाटली फिरवून त्यावरचे घटक वाचलेत आणि म्हणालात, "यातलं मला नक्की कळत नाही. तुम्ही घेऊ नका." ताई, हे वाक्य मला किती मोलाचं वाटलं! "हो, चालेल" म्हणणं सोपं असतं. त्याचे परिणाम काउंटरवर दिसत नाहीत, ते पुढच्या प्रवासात माझ्या आतड्याला भोगावे लागतात. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायला अनेक देशांत किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. इतक्या बारीक हिशेबात नळी पुसायचं ओलं फडकंसुद्धा धरावं लागतं.

ते तुम्ही धरलंत. "सकाळपासून नळीला ओट मिल्क लागलंय, दुधाची नकोच," म्हणालात, हात धुतलेत आणि काळी कॉफी काढून वेगळ्या नळाचं गरम पाणी घातलंत. मागे रांग खोळंबली होती, तिलाही तुम्हीच शांतपणे थांबवलंत. मी निर्धास्तपणे प्यायले आणि प्रवासभर ठणठणीत राहिले.

आता कुठेही गेले तरी मी आधी विचारते, या नळीतून कोणकोणतं दूध जातं? खात्री नसेल तर सरळ नाही म्हणा, मला वाईट वाटणार नाही, हेही सांगून ठेवते. असं विचारायचा माझा संकोच तुमच्यामुळे गेला.

मनापासून आभार.

आपली,
काळी कॉफी घेऊन गेलेली प्रवासी