तुमच्या वहीतलं माझं पान

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ब्लाउजपीस घेऊन आले, तर तुमच्या शिलाईच्या दुकानाचं शटर खाली. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, हे समोरच्या पिको-फॉलवाल्या दादांकडून कळलं. काकू मुलाकडे राहायला गेल्या, एवढंच त्यांना माहीत. माझ्याकडे आहे तो तुमच्या दुकानातल्या जुन्या फोनचा नंबर, तो काही लागत नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. अर्ध्या डोंबिवलीची मापं तुमच्या वहीत आहेत, त्यातली कुणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच.

मी कोण ते नावाने आठवणार नाही, मापाने आठवेल. छाती बत्तीस, कंबर अठ्ठावीस, सीट, म्हणजे नितंबांचा घेर, साडेतेहतीस. पानाच्या कोपऱ्यात टाचणीने मोरपंखी जॉर्जेटचा तुकडा लावला होतात, ती मी.

तो तुकडा २०१५ च्या दिवाळीचा. नरकचतुर्दशीला पहाटे फडके रोडवर सगळी तरुण डोंबिवली नटून येते, आणि तिथे दरवर्षी मी मैत्रिणींच्या मागे उभी राहून फोटो काढून घ्यायची. घरात मला प्रेमाने ‘काडी’ म्हणत, कॉलेजात प्रेमाशिवाय ‘फळी’. त्याआधी एका बुटीकमध्ये ड्रेस शिवून घेतला होता. तिथल्या बाईंनी ‘शेप येईल’ म्हणून आत पॅड भरले आणि कंबरेत इतकं आवळलं की हात वर केला की अख्खा ड्रेस वर यायचा. चुलतबहिणीच्या साखरपुड्यात एक पॅड सरकून काखेत गेलं. उरलेला कार्यक्रम मी हाताची घडी घालून पाहिला.

तर तुमच्याकडे आले ती दादरच्या हिंदमाता कापडबाजारातून आणलेलं चार मीटर जॉर्जेट आणि एका नटीचा अंगाला चिकटलेल्या ड्रेसमधला फोटो घेऊन. तुम्ही फोटो पाहिलात, बाजूला ठेवलात, टेप काढलीत. आकडे मोठ्याने म्हणत वहीत लिहिलेत. ‘किती बारीक गं’, ‘खात जा’, ‘लग्नानंतर भरशील’ यातलं एकही वाक्य नाही. बत्तीस, अठ्ठावीस, साडेतेहतीस. भाजीवाल्याने वजन सांगावं तसं.

मग म्हणालात, “कंबर कुठाय तुझी?”

मी म्हटलं, “मला नाहीच आहे काकू, तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“नसते कशी? बाजूला वाक बघू.” मी वाकले. जिथे घडी पडली तिथे तुम्ही बोट ठेवलंत, परकराची एक सुटी नाडी घेतलीत आणि बरोबर त्या जागी बांधलीत. मला आरशासमोर उभं केलंत. मी कंबर समजत होते ती जागा नाडीच्या चांगली दोन इंच खाली होती. तोवरचे माझे सगळे कुर्ते, जीन्स, बेल्ट त्या चुकीच्या जागी बसत होते. अंगात फारसा वळसा नसला की दोन इंचांनी किती फरक पडतो, हे मला त्या नाडीने दाखवलं.

तुमचं बाकीचं सगळं शास्त्र त्या नाडीच्या वर आणि खाली होतं. वर कापड अंगालगत, पण आवळलेलं नाही. खाली मोकळं सोडायचं. “फिटिंग फिटिंग करतात सगळ्या. सरळ अंगावर फिटिंग केलं की सरळच दिसणार ना? कापडाला खाली पसरायला जागा दे, म्हणजे वरचं आपोआप आत गेल्यासारखं दिसतं.” त्या जॉर्जेटच्या तुम्ही आठ कळ्या, म्हणजे वर निमुळत्या आणि खाली रुंद पट्ट्या, काढल्यात, आत सुती अस्तर लावलंत, कारण नुसतं जॉर्जेट पायाला चिकटून पुन्हा फळीच दिसली असती. गळा मी खोल मागितला होता, तुम्ही बोटनेक केलात, खांद्यापासून खांद्यापर्यंत आडवा. खोल व्ही गळा उभी रेघ ओढतो, आणि उभ्या रेघेची मला काही कमतरता नव्हती. बोटनेकने खांदे रुंद दिसले, खांदे रुंद दिसले म्हणून कंबर बारीक दिसली. त्या दिवाळीला फडके रोडवरच्या फोटोत मी पुढच्या रांगेत आहे. त्याआधीच्या एकाही वर्षी नाही.

साडीच्या बाबतीत मात्र आपलं बरंच वाजलं. मला शिफॉन हवी असायची, तुम्हाला ती माझ्यावर पाहवायची नाही. “ओल्या टॉवेलासारखी लोंबते,” हे तुमचे शब्द. तुम्ही मला नारायणपेठकडे वळवलंत, खळ घातलेल्या सुती साड्यांकडे वळवलंत. जी साडी स्वतःच्या पायावर उभी राहते ती तू नेस, असं तुमचं म्हणणं. त्या काळात सगळ्या मैत्रिणी साडीखाली माशाच्या आकाराचे घट्ट शेपवेअर घालत होत्या. मलाही हवं होतं. तुम्ही सहा कळ्यांचा परकर शिवून हातात ठेवलात. घट्ट परकर ज्यांचा मुळात आकार आहे त्यांचा आकार दाखवतो, माझा दाखवायला होताच कुठे? कळ्यांच्या परकरावर निऱ्या खाली जरा फुलतात, आणि ते फुलणंच मला हवं होतं. निऱ्याही खूप बारीक नकोत, पाच-सहाच पण रुंद. ब्लाउजला वाटीसारखी कटोरी नको, वरून खाली लांब शिवणीचा प्रिन्सेस कट. कटोरी भरायला छाती लागते, नाहीतर टोकाला चुण्या पडतात. हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला लाजायलाही सुचलं नाही. बाही कोपरापर्यंत किंवा वर थोडी फुगीर.

आणि कंबरपट्टा! आजीचा चांदीचा कंबरपट्टा आमच्याकडे कपाटात काळा पडत होता. तुम्ही म्हणालात, “आजकालच्या मुली दोन-दोन हजारांचे बेल्ट घेतात, आणि घरात हा आहे.” पदर खांद्यावर पिन करून, तिरका पुढून घेऊन, वर कंबरपट्टा. नाडी बांधली होती तिथेच. लग्नात नऊवारी नेसले तेव्हा तर तुम्ही खूश. काष्ट्याच्या निऱ्या आणि ओच्याचा भरगच्चपणा सीटचं काम फुकटात करतो, म्हणालात.

नोकरी लागल्यावर वेस्टर्नची वेळ आली. मुंबईत बीकेसीच्या कॉर्पोरेट ऑफिसात कळीदार अनारकली घालून रोज जाता येईना. मी तुम्हाला मोबाइलवर रॅप ड्रेसचा फोटो दाखवला आणि जरा भाव खाऊन सांगितलं की काकू, हा अमेरिकेत १९७४ मध्ये डायन फॉन फर्स्टनबर्ग नावाच्या डिझायनरने आणला आणि तुफान चालला. तुम्ही चष्मा वर करून पाहिलंत. “हा तर आपला अंगरखा.” खरंच की. एक बाजू दुसरीवर, बाजूला बंद, तिरकी रेघ कंबरेपाशी येऊन थांबते. रॅप ड्रेस बाजूलाच राहिला, तुम्ही मला सुती अंगरखा-कुर्ती शिवून दिलीत. ती मी जीन्सवर इतकी घातली की बंद दोनदा बदलावे लागले.

रेडीमेड ब्लेझर आणला तो खांद्यात बसला, पण खाली डब्यासारखा. तुम्ही पाठीच्या मधल्या शिवणीत आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं आत घेतलंत, कोटाला पाठीमागून चिमटा काढावा तसं. चाळीस रुपये घेतलेत त्याचे! ट्राउजर उंच कंबरेची, पुढे प्लीट्स, खिसे तिरके, शर्ट आत खोचलेला. जीन्सला मागचे खिसे मोठे आणि झाकणाचे. एकरंगी सरळ ड्रेसवर बारीक बेल्ट नको, तो फळीला सुतळी बांधल्यासारखा दिसतो. बेल्टच्या वर-खाली कापडाला चुण्या असतील तरच तो शोभतो. एकदा तुमचं न ऐकता पेप्लम टॉप, म्हणजे कंबरेखाली झालर असलेला, रेडीमेड घेतला. त्याची शिवण कंबरेऐवजी खाली सीटवर बसली आणि मी दिवसभर लॅम्पशेड होऊन फिरले. तुम्ही हसला नाहीत. फक्त विचारलंत, “नाडी बांधून बघितली होतीस का?”

एक गोष्ट मी बऱ्याच जणींना सांगते, ती इथेही सांगते. एका पावसाळ्यात मी साधा खादीचा सरळ कुर्ता शिवायला आणला आणि सवयीने म्हटलं, काकू, कळ्या घाला. तुम्ही नाही म्हणालात. “सगळ्यांवर कळ्या कशाला? सरळ कुर्ता तुझ्यावर पडतो तसा माझ्या एकाही गिऱ्हाइकावर पडत नाही. कुठे अडकत नाही, कुठे ताणत नाही.” तेव्हा मी तुम्हाला १९२० च्या दशकातल्या युरोप-अमेरिकेतल्या बायकांचे फोटो दाखवले होते. कंबर गायब, पट्टा थेट सीटवर, सरळसोट झगे, आणि भरल्या अंगाच्या बायका छाती सपाट दिसावी म्हणून आतून बांधून घ्यायच्या. तुम्ही म्हणालात, “म्हणजे तू शंभर वर्षं उशिरा आलीस, एवढंच.” तो कुर्ता मी अजून घालते. त्याच्यासोबत पलाझो नाही, बारीक पायाची पॅंट आणि कोल्हापुरी.

अजून एक आठवलं. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने भारतीय मापांचा तक्ता करण्यासाठी सहा शहरांत पंचवीस हजार लोकांची मापं मशिनने घ्यायचं काम काढलं, ही बातमी मी तुम्हाला वाचून दाखवली होती. तुम्ही हातशिलाई थांबवली नाहीत. “घेऊ देत. आमच्या वहीत विचारायला आले असते तर चहा दिला असता.”

आता ज्यासाठी मुळात हे पत्र लिहायला घेतलं ते. तो मोरपंखी ड्रेस मी परवा खाली काढला. लेक सात महिन्यांची झालीय, माझी कंबर तीसवर गेलीय, हुक लागत नाही. पहिल्यांदा तो ड्रेस घेताना मी भांडले होते तुमच्याशी, की आत शिवणीला एवढं कापड का सोडलंय, काप ना ते, जाड लागतं. तुम्ही म्हणाला होतात, “असू दे, मी माया ठेवतेच.” परवा उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना पूर्ण एक-एक इंच आहे, कडा हाताने गुंफलेल्या.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिवणारी मुलगी आहे, ती म्हणाली द्या, दहा मिनिटांचं काम आहे. मी दिला नाही. नवा पत्ता कळवा काकू, ठाणे असो की पनवेल. येताना लेकीचंही माप घेऊन ठेवा म्हणते, वहीत पान असू दे.

तुमची,
बत्तीस-अठ्ठावीस (सध्या तीस)-साडेतेहतीस